नेपाळला स्वयंसेवक म्हणून जायचंय? आधी कर्णालीचा नकाशा उघड

तुझे प्रश्न दोन आहेत, पण माझ्या अनुभवात ते एकाच दोरीची दोन टोकं आहेत. मिरजेहून सिव्हिलची पदवी झाली, राज्यसेवेचा अभ्यास चालू आहे आणि डिसेंबरात तीन आठवडे मोकळे आहेत. एका कंपनीनं काठमांडूच्या एका बालगृहात अनाथ मुलांना शिकवण्याचा कार्यक्रम देऊ केलाय. त्यात राहणं, जेवण, प्रमाणपत्र आणि शेवटी पोखऱ्याची सहल. जावं का, हा तुझा पहिला प्रश्न. दुसरा असा, की भूगोल राजकीय सत्ता घडवतो हे अभ्यासात वाचलंस, पण ते प्रत्यक्ष कुठं बघायला मिळतं?

मी पाणीपुरवठ्याची अभियंता. २०१२ पासून नेपाळच्या वायव्येकडच्या कर्णाली भागात डोंगरातल्या नळयोजनांच्या कामाला जाते. आधी रजा साठवून जायची, आता निवृत्तीनंतर एकेका खेपेला दोन-तीन महिने राहते. त्यामुळे उत्तर तिथूनच देते.

त्या कार्यक्रमाला जाऊ नकोस. हे मी सगळ्यात आधी आणि स्पष्ट सांगते, कारण पैसे भरायची मुदत जवळ आली असेल.

मी स्वतः पहिल्या खेपेला हेच केलं होतं. पश्चिमेकडे जाण्याआधी दहा दिवस काठमांडूच्या खोऱ्यातल्या एका बालगृहात गणित आणि इंग्रजी शिकवलं. तिथं कर्णालीतल्या हुम्ला जिल्ह्यातला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या कागदावर आई-वडील दोघंही वारल्याची नोंद होती. एका संध्याकाळी त्याला मी शेळ्यांची चित्रं दाखवत होते. तो म्हणाला, आमच्या शेळ्यांच्या पाठीवर मिठाच्या पिशव्या असतात, बाबा हिवाळ्यात त्यांना घेऊन खाली नेपाळगंजकडे उतरतात. ‘उतरतात’ म्हणाला. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा क्रियापद वर्तमानकाळातच आलं. दुसऱ्या दिवशी संचालकांना विचारलं तर मुलगा लहान आहे, त्याला कळत नाही, असं उत्तर मिळालं. माझ्याकडे पुढं काय करायचं याची काहीच तयारी नव्हती. दहा दिवसांनी मी निघाले. त्या मुलानं माझ्याआधी किती जणांना असा निरोप दिला असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही. आता दरवेळी येतं.

हुम्ला कुठं आहे ते नकाशात बघ. नेपाळच्या वायव्य कोपऱ्यात, तिबेटला टेकून, कैलास-मानसरोवराच्या वाटेवर. क्षेत्रफळ साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या आसपास. जिल्ह्याचं ठाणं सिमिकोट, साधारण तीन हजार मीटर उंचीवर. देशातली बाकीची सगळी जिल्ह्याची ठाणी रस्त्यानं जोडली गेली तरी सिमिकोट कितीतरी वर्षं तसंच राहिलं होतं. नेपाळगंजहून किंवा सुर्खेतहून छोटं विमान, नाहीतर दिवसच्या दिवस पायपीट. १९९६ ते २००६ या माओवादी युद्धाच्या काळात डोंगरातल्या शाळा धड चालत नव्हत्या, घरटी एक मूल पक्षाला द्या अशी मागणी व्हायची. अशा वेळी दलाल गावात येत. मुलाला काठमांडूत बोर्डिंगात घालतो, शिकवतो, म्हणत. आई-बापांनी शेत गहाण टाकून, जनावरं विकून त्यांना पैसे दिले. खोऱ्यात पोचल्यावर कागद बदलले आणि मूल अनाथ झालं. आई-बापांना शोधायला यायचं तर भाड्याला पैसे नाहीत, पत्ता नाही, फोन नाही. युद्ध संपलं तरी धंदा संपला नाही, कारण तोवर दुसरीकडून पैसा येऊ लागला होता. परदेशातून मायेनं आलेल्या स्वयंसेवकांचा.

नेपाळमधली बालगृहं कुठं आहेत हे शोधलंस तर ती गरीब जिल्ह्यांत सापडणार नाहीत. बहुतेक सगळी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचा कास्की आणि चितवन या पट्ट्यात आहेत, म्हणजे जिथं विमानतळ, हॉटेलं आणि पर्यटक आहेत तिथं. या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात असतात, हे युनिसेफनंही सांगितलं आहे. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीचा जो कायदा केला, त्या वेळी अशा प्रकारे मुलं बालगृहांत आणणं ही मानवी तस्करी असल्याचं मान्य केलं.

स्वयंसेवक सिमिकोटला पोचू शकत नव्हते, म्हणून सिमिकोटची मुलं स्वयंसेवकांपर्यंत आणली गेली. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर जरा लांबचं आहे. आपल्याला वाटतं कर्णाली कायमच कोपऱ्यात होती. तसं नव्हतं. बाराव्या ते चौदाव्या शतकात तिथं खस मल्लांचं मोठं राज्य होतं. उन्हाळ्यात राजधानी जुम्ल्यातल्या सिंजाच्या खोऱ्यात, हिवाळ्यात खाली दुल्लूला. पश्चिम तिबेटपासून तराईच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल पट्ट्याच्या, कडेपर्यंत त्यांचा अंमल चाले. दुल्लूला १३५७ चा पृथ्वी मल्लाचा कीर्तिस्तंभ अजून उभा आहे. आज ज्या भाषेला नेपाळी म्हणतात तिचं जुनं नाव खस कुरा, आणि तिचं मूळ याच सिंजाच्या खोऱ्यात. म्हणजे काठमांडूतलं सरकार ज्या भाषेत फर्मानं काढतं ती भाषा त्या दुर्लक्षित डोंगरातून खाली आली. मी सिंजात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तिथल्या एका शिक्षकांनी सांगितलं आणि त्या वेळी त्यांच्या आवाजात जो ताठा होता तो मी विसरलेले नाही.

मग सत्ता पूर्वेला का सरकली? डोंगर तेच राहिले, बदलला तो व्यापाराचा रस्ता. खस राज्य फुटून पश्चिमेत बावीस आणि मध्ये चोवीस छोटी राज्यं झाली, आणि तिबेटशी होणारा मोठा व्यापार काठमांडूच्या खोऱ्यातून, केरुंग आणि कुती या दोन घाटांतून चालू लागला. खोऱ्यातले मल्ल राजे (हे खस मल्लांपेक्षा वेगळे) तिबेटसाठी चांदीची नाणी पाडत, त्यावर तीन शहरं श्रीमंत झाली. गोरखा हे डोंगरावरचं गरीब राज्य. तिथला पृथ्वीनारायण शाह हे बरोबर ओळखून होता. त्यानं थेट काठमांडूवर घाव घातला नाही. १७४४ मध्ये आधी नुवाकोट घेतलं, म्हणजे केरुंगची वाट हातात आली. १७६२ मध्ये मकवानपूर घेतलं, म्हणजे दक्षिणेची वाट बंद झाली. मीठ आणि कापूस आत जाऊ द्यायचा नाही, असा वेढा घालून तो बसला. खोऱ्यातल्या राजानं इंग्रजांकडे मदत मागितली. १७६७ मध्ये कॅप्टन किनलॉकची पलटण निघाली, पण तराईचं जंगल, हिवताप आणि सिंधुलीचा चढ यांनी तिचा निकाल लावला. १७६८-६९ मध्ये तिन्ही शहरं पडली. पंचवीस वर्षांचं काम होतं ते, आणि त्यातला मोठा भाग खिंडी अडवून बसण्याचा होता. सह्याद्रीतले घाट आणि किल्ले पाहत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आपला देश दोन दगडांमध्ये सापडलेल्या कंदासारखा आहे, हे नेपाळमध्ये आजही सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य त्याच राजाचं.

जुम्ला गोरखाली राज्यात गेलं ते त्यानंतर वीसेक वर्षांनी. तिथून पुढं कर्णालीनं माणसं आणि कर वर पाठवले, आणि निर्णय काठमांडूहून खाली आले. १९५६ मध्ये भारताच्या मदतीनं त्रिभुवन राजपथ झाला. त्याआधी काठमांडूत मोटारी यायच्या त्या सुट्या करून किंवा अख्ख्या, हमालांच्या खांद्यावरून डोंगर ओलांडून. पिढ्यान्पिढ्या पंतप्रधानपद धरून बसलेल्या राणा घराण्याच्या राजधानीला रस्ता नव्हता, कारण रस्ता नसणं हीच त्यांची तटबंदी होती. पुढं साठच्या दशकात चीनच्या मदतीनं तिबेट सीमेवरच्या कोदारीचा रस्ता झाला. एक रस्ता दक्षिणेला, एक उत्तरेला, आणि दोन्हींची गाठ खोऱ्यात. कर्णालीत सुर्खेतहून जुम्ल्याला २३२ किलोमीटरचा कर्णाली राजमार्ग पोचेपर्यंत एकविसावं शतक उजाडलं.

२०१५ हे वर्ष मी नेपाळच्या बाजूनं बघितलं. २५ एप्रिलला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास नऊ हजार माणसं गेली. कोदारीचा रस्ता दरडींनी बंद झाला. २० सप्टेंबरला नवी राज्यघटना आली आणि तराईतल्या मधेशी लोकांनी वीरगंज-रक्सौलच्या पुलावर ठाण मांडलं, कारण प्रांतांच्या सीमा आखताना आपली विभागणी करून डोंगरी लोकांचं पारडं जड ठेवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. नाकाबंदी भारतानं केली असा नेपाळ सरकारचा आरोप होता, भारतानं तो नाकारला. फेब्रुवारी २०१६ पर्यंत पेट्रोल, गॅस, औषधं यांची चणचण राहिली. खोऱ्याच्या गळ्याशी दोनच नळ्या आहेत, हे पृथ्वीनारायणानं अडीचशे वर्षांपूर्वी वापरलेलं गणित लोकांना पुन्हा दिसलं. मार्च २०१६ मध्ये नेपाळनं चीनशी पारवहनाचा (ट्रान्झिटचा) करार केला, तो या हिवाळ्याच्या पोटातूनच आला. कर्णालीतले माझे सहकारी मात्र तेव्हा सांगत होते की त्यांच्याकडे पावसाळ्यात दरडी पडल्या की दरवर्षी असंच होतं आणि त्याची बातमी होत नाही.

त्याच वर्षाची एक गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. ऑगस्टमध्ये नेत्यांनी आधी सहा प्रांतांचा नकाशा ठरवला होता. त्यात कर्णाली स्वतंत्र नव्हती. सुर्खेत आणि जुम्ल्याला लोक रस्त्यावर आले, सुर्खेतमध्ये गोळीबारात माणसं गेली, आणि दोन आठवड्यांच्या आत सहाचे सात प्रांत झाले. आजचा कर्णाली प्रांत हा असा मिळवलेला आहे. क्षेत्रफळानं सगळ्यांत मोठा, लोकसंख्येनं सगळ्यांत लहान, सतरा लाखांच्या आत. खालच्या सभागृहात थेट निवडून जाणाऱ्या १६५ जागांपैकी कर्णालीला १२ आणि काठमांडू असलेल्या बागमतीला ३३. वरच्या सभागृहात मात्र प्रत्येक प्रांताला आठ सारख्या जागा. अभ्यासासाठी हे आकडे लिहून ठेव. भूगोलाला राज्यघटनेनं दिलेलं उत्तर म्हणून ते वाचण्यासारखे आहेत.

आणखी एक तुलना करून बघ. रोल्पा-रुकुमच्या डोंगरात सुरू झालेलं माओवादी युद्ध दहा वर्षं चाललं, तरी राजा शेवटी झुकला तो एप्रिल २००६ मध्ये, काठमांडूचे रस्ते एकोणीस दिवस माणसांनी भरल्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूतल्या तरुणांच्या आंदोलनानं दोन दिवसांत पंतप्रधानांचा राजीनामा घेतला. दोन्ही वेळा ठिकाण महत्त्वाचं ठरलं. कर्णालीतल्या जाजरकोटमध्ये नोव्हेंबर २०२३ ला भूकंप झाला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा थंडीत ताडपत्रीखाली झोपलेल्या लोकांसाठी कुणाचं मंत्रिपद हललं नाही. २०१५ ला स्वयंसेवकांनी भरलेली विमानं उतरताना मी पाहिली होती. जाजरकोटला मला परदेशी माणूस क्वचित दिसला. कर्णाली तशी रस्त्यानं लांब, आणि छायाचित्रकारांना तर त्याहून लांब.

धान्याचंही असंच. १९७० च्या दशकापासून सरकार कर्णालीत अनुदानाचा तांदूळ विमानानं पाठवू लागलं. हेतू वाईट नव्हता. पण तिथं पिकायचं काय, तर चिनो, कागुनो, फापर. कागुनो म्हणजे आपला राळा, चिनो आपल्या वरईच्या जातीचा, फापर म्हणजे कुट्टू. जुम्ल्यात मार्सी नावाचा तांबडा भात होतो, जगात सगळ्यांत उंचावर पिकणाऱ्या भातांत तो मोजला जातो. पण विमानातून उतरलेला पांढरा भात अधिकाऱ्यांच्या ताटातला, म्हणून मानाचा झाला. राळा खाणारा मागास ठरला. काही पिकं माणसांच्या डोळ्यांदेखत शेतातून गेली. आपल्याकडे राळा आणि वरई कुणी आणि का सोडली हे तुझ्या आजीला विचार, ती तुला हेच सांगेल.

आता ज्या गोष्टीनं मला भूगोल आणि सत्ता एकत्र शिकवली ती सांगते, कारण तू सिव्हिलची आहेस आणि तुला ती कामाला येईल.

कालिकोट जिल्ह्यातलं एक गाव. वर ठकुरी आणि क्षेत्री या उच्च जातींचा टोल, म्हणजे वस्ती, ३८ घरं. खाली दलितांचा टोल, २४ घरं. झरा दोन्हींच्या वर, आणि झऱ्यापासून खालच्या टोलपर्यंत उतार १४० मीटर. साधा हिशोब करू. सहा किलो दाबाचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप ६० मीटर पाण्याचा दाब सोसतो, म्हणजे वाटेत दोन ठिकाणी दाब तोडणाऱ्या टाक्या हव्यात. ६२ घरं, घरटी सहा माणसं, माणशी ४५ लिटर म्हणजे दिवसाला पावणेसतरा हजार लिटर. झऱ्याखाली वीस लिटरची बादली लावली, पन्नास सेकंदांत भरली. सेकंदाला ०.४ लिटर, दिवसाला साडेचौतीस हजार. गरजेच्या दुप्पट. सगळे खूश. पाइपाची वेटोळी पुरुषांनी खांद्यावर घालून आणि सिमेंट खेचरांवरून आणलं, बायकांनी चर खणले. सगळ्या नळांना पाणी आलं त्या दिवशी मी निघाले.

पुढच्या चैत्रात परत गेले तर खालच्या टोलचे नळ कोरडे. बायका पहाटे तीनला उठून जुन्या कुव्याला, म्हणजे पाणवठ्याला, जात होत्या, एक खेप दीड तासाची.

चुका दोन झाल्या होत्या आणि दोन्ही माझ्या. मी झरा मोजला होता कार्तिकात, पावसाळा नुकताच संपलेला असताना. चैत्रात तीच बादली भरायला ऐंशी सेकंद लागले. तरी ते दिवसाला साडेएकवीस हजार लिटर होतात, म्हणजे गरज भागायला हवी होती. खरी चूक दुसरी. दोन टोलकडे जाणाऱ्या पाइपांच्या फाट्यावर मी गेट व्हॉल्व्हची पेटी ठेवली होती, आणि ती वरच्या टोलमधल्या एका घराच्या आवारात, कारण तिथं जमीन सपाट होती आणि पाइप कमी लागत होता. पाणी आटलं तसा कुणीतरी खालचा व्हॉल्व्ह अर्धा फिरवला, मग पूर्ण. कुणी मुद्दाम दुष्टपणा केला असं मला वाटत नाही. वर राहणाऱ्याला खालची तहान दिसत नाही आणि चाक त्याच्या हाताशी असतं. मी सपाट जागा शोधली, पण चाक कुणाच्या हातात जाईल ते पाहिलं नाही.

बैठक तीन दिवस चालली. शेवटी व्हॉल्व्ह काढून टाकले. त्या जागी वाटणीची टाकी बांधली. आत पाणी संथ भरतं आणि एकाच पातळीवरच्या दोन खाचांतून सांडतं, खाचांची रुंदी घरांच्या प्रमाणात, १९ ला १२. फिरवायला चाक नाही, बंद करायला काही नाही. पाणी कमी झालं तर दोघांचंही त्याच प्रमाणात कमी होतं. खालच्या टोलमधली एक बाई तोवर गप्प होती. ती म्हणाली, झाकणाला कुलूप नको, येता-जाता कुणालाही आत बघता आलं पाहिजे. मी काढलेल्या नकाशात कुलूप होतं. ते खोडलं. ती टाकी आज चालू आहे आणि मला तिच्याबद्दल जितकं वाटतं तितकं माझ्या नोकरीतल्या कुठल्याच मोठ्या योजनेबद्दल वाटत नाही.

म्हणून तुला सांगते, तीन आठवडे पुरत नाहीत आणि डिसेंबर हा महिनाच चुकीचा आहे. दसैं-तिहार, म्हणजे तिकडचे दसरा-दिवाळी, झाले की आभाळ स्वच्छ, डोंगर दिसतात, झरे वाहतात. स्वयंसेवक तेव्हाच येतात आणि प्रत्येकाला वाटतं पाणी भरपूर आहे. झऱ्याची खरी गोष्ट चैत्र-वैशाखात कळते. तेव्हा जा, निदान आठ-दहा आठवडे. परीक्षेचं वर्ष आड येत असेल तर एक वर्ष थांब, पण तीन आठवड्यांवर भागवू नकोस. त्यातले आठ-नऊ दिवस तर जाण्यायेण्यातच जातील.

कर्णालीला जायला काठमांडू लागत नाही, हे नकाशात बघ. पुण्याहून रेल्वेनं लखनौ, तिथून बसनं रुपैडिहा, सीमा ओलांडली की नेपाळगंज. कोहलपूरवरून सुर्खेत, आणि तिथून कर्णाली राजमार्ग. तिथले लोक याच वाटेनं उलट येतात. हंगामी मजुरीला भारतात जाण्याला त्यांच्याकडे ‘कालापहाड जाणं’ म्हणतात. शेजारच्या अछाम, बाजुरामधले कितीतरी जण मुंबई-पुण्यात रखवालदार आहेत. एके काळी अछाममध्ये एचआयव्हीला मुंबईचा आजार म्हणत, इतका तो रस्ता रुळलेला. आमच्या सोसायटीतले रखवालदार दाजू (दाजू म्हणजे दादा) अछामचेच. त्यांना आपल्या राजधानीपेक्षा कुर्ला जास्त ओळखीचं आहे. तुझ्या इमारतीत कुणी तिकडचं असेल तर निघण्याआधी त्यांच्याशी बोल आणि नेपाळीचे धडे त्यांच्याकडूनच घे. लिपी आपलीच आहे, दोन महिन्यांत कामापुरतं बोलता येतं.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानानं गेलीस तर पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र ने, आधारवर अवलंबून राहू नकोस. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. सुट्टी शनिवारी असते. हे किरकोळ झालं.

संस्था निवडताना मात्र नेट लाव. ती नेपाळमध्ये नोंदलेली आहे का, परदेशी पैसा घेत असेल तर समाजकल्याण परिषदेशी तिचा करार आहे का, आणि ज्या गाउँपालिकेत, म्हणजे ग्रामीण पालिकेत, काम आहे तिची संमती आहे का, हे कागदावर माग. पिण्याचं पाणी आता स्थानिक सरकारकडे आहे. नव्या घटनेखालच्या ७५३ पालिकांच्या पहिल्या निवडणुका २०१७ ला झाल्या आणि कर्णालीतल्या माणसाला साध्या सहीसाठी फार लांब जाणं बरंच कमी झालं. तो अधिकार आपण बाहेरून जाऊन चुकवायचा नसतो. तुझ्या नकाशावर सही तिथल्या पालिकेच्या अभियंत्याची असू दे. तू मदतनीस. प्रत्येक वडा (म्हणजे वॉर्ड) समितीत कायद्यानं एक दलित महिला सदस्य असते. गावात गेल्यावर वडाध्यक्षांना भेटशीलच, त्यांच्याइतकाच वेळ तिला दे. आणि मुलांशी संबंधित काहीही असेल, शाळासुद्धा, तर संस्थेचं बालसंरक्षणाचं धोरण वाचल्याशिवाय हो म्हणू नकोस. पोलिसांचा दाखला न मागता जी संस्था तुला मुलांजवळ सोडते, ती इतरांनाही तशीच सोडते.

कंपनीला देणार होतीस त्या पैशांचं काय करायचं, असं मनात येईल. त्यातून झऱ्यांचं शास्त्र शिक. पुण्यातल्या ॲक्वाडॅम या संस्थेनं सिक्कीमच्या झरे-पुनरुज्जीवनाच्या कामात भूजलाची बाजू सांभाळली होती. असं ज्ञान आपल्या शहरात आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. पाणी खडकाच्या कुठल्या थरातून येतं, झऱ्याचं पाणलोट डोंगराच्या दुसऱ्या अंगालाही असू शकतं, हे कळल्याशिवाय नुसती पाइपलाइन टाकणं अर्धं काम आहे. कर्णालीत आता जुने झरे आटत चाललेत. वरचे लोक म्हणतात रस्ते खोदल्यामुळे, काही म्हणतात भूकंपांमुळे, काही म्हणतात बर्फ कमी पडतो. प्रत्येक झऱ्याचं कारण वेगळं निघतं. जागेवर मोजमाप करणारी माणसं फार कमी आहेत. तू त्यातली एक होऊ शकतेस, आणि त्यासाठी तुला कुणी अनाथ दाखवायची गरज नाही.

सामानात दहा किलो दाबापर्यंत मोजणारा प्रेशर गेज, पातळी बघायला पारदर्शक नळी, स्टॉपवॉच आणि पाण्यात भिजली तरी टिकेल अशी वही घे. चॉकलेटं नेऊ नकोस. बादली तिथं मिळते. झऱ्यापाशी पोचलीस की ती लाव आणि तीनदा मोज, वरच्या टोलचा एक माणूस आणि खालच्या टोलची एक बाई शेजारी उभी असताना.